कठड्याला बोटे नसतात

सकाळचा उजेड त्या खोलीत एकदम येत नसे. खिडकीच्या खालच्या दोन काचा दुधी होत्या आणि वरची एक साधी. त्यामुळे तो आधी छताला लागे, तिथे काही वेळ पांढुरका होऊन थांबे आणि मग, कुणी हाताला धरून उतरवावे तसा, भिंतीवरून खाली येई. त्या शुक्रवारी साडेसहापासून मी खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीत बसून त्याचे हे उतरणे पाहत होतो. त्याने आधी खुंटीवरचा टॉवेल उजळला. मग दिनदर्शिकेचा मागच्या महिन्याचाच राहून गेलेला कागद. मग कवळी ठेवलेला पेला. पाण्यातले दात क्षणभर खरोखरीचे वाटले. खाटेच्या कठड्याची नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चमकत गेली. उजेडात धूळ तरंगत होती आणि तिला कुठेच जायचे नव्हते.

ग्रंथालयातल्या माझ्या टेबलावरही असाच उजेड येतो. तिथे मी जुनी पुस्तके दुरुस्त करतो. ठिसूळ पान उचलताना श्वास रोखावा लागतो. जराशी घाई झाली की शंभर वर्षे टिकलेला कागद बोटांत चुरा होतो. माझ्या हातून आजवर एकही पान फाटलेले नाही. मी फारसा बोलत नाही, पण माझ्या हातांबद्दल तिथले लोक चांगले बोलतात.

उजेड बाबांच्या पांघरुणावर आला. गुडघ्यांच्या उंचवट्यावरून तो डाव्या हाताकडे सरकू लागला. मनगटावर आला, कोपरावर आला. बाहीच्या पातळ कापडातून दंडाचा आकार दिसू लागला. तेव्हा मी उठलो आणि पडदा ओढला. त्यांच्या डोळ्यांवर तिरीप येते आहे, असे मी मनाशी म्हटले. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि तिरीप अजून त्यांच्या खांद्यापर्यंतही पोहोचली नव्हती.

चौदा खाटांच्या त्या शुश्रूषागृहाची सहामाही तपासणी होती. इथल्या लोकांना कसे धुतात, उचलतात, भरवतात, हे एक तपासनीस येऊन पाही आणि प्रत्येक गोष्टीला चारपैकी गुण देई. सोबत नातेवाइकांपैकी एक साक्षीदार लागे. तो चिठ्ठी टाकून निवडत. या वेळची चिठ्ठी माझी निघाली होती.

तपासनीसबाई सातला आल्या. साठीला टेकलेल्या, एकेकाळी स्वतः परिचारिका असलेल्या. पायात धावण्याचे बूट, गळ्यात दोरीला चष्मा.

“तुम्ही साक्षीदार? मग चेहरा असा का? मी तुम्हाला तपासायला आलेले नाही. वाजले किती?”

मी मनगट वर केले. ते रिकामे होते.

“दुरुस्तीला टाकलंय,” मी म्हणालो. खरे तर घड्याळ रविवारपासून सापडत नव्हते आणि मी ते शोधलेही नव्हते.

“साक्षीदाराकडे घड्याळ नाही, तपासनीसाला चष्म्याशिवाय दिसत नाही. चांगली जोडी आहे.”

मागोमाग सकाळपाळीचा सेवक आला. दारात मावेल न मावेल असा देह, पण हात इतका हलका की इथले सगळे त्याला कापूस म्हणत. खरे नाव बहुधा पगारपत्रकातच उरले असावे. त्याने बादली ठेवली, पाण्यात कोपर बुडवून पाहिले आणि बाबांच्या कानाशी वाकला.

“साहेब, उठायचं. कामगार येऊन थांबलेत.”

बाबा कारखान्यात फोरमन होते. त्यांना आता घर आठवत नाही, आई आठवत नाही, पण कामगार थांबले आहेत म्हटले की ते उठतात. कापसाने मोठ्या टॉवेलची घडी करून ती त्यांच्या पाठीमागून दोन्ही काखांखाली घेतली आणि झोळीत घालावे तसे त्यांना उचलून खुर्चीत बसवले. त्याचे एकही बोट त्यांच्या अंगाला लागले नाही. तपासनीसबाईंनी चार गुण दिले.

पाणी अंगावर पडताच बाबा बदलले.

“कोण आहेस तू? चोर! हात तोडून ठेवीन!”

त्यांनी बादलीतला मग उचलला आणि कापसाच्या कानावर हाणला. आवाज असा झाला की माझे दात शिवशिवले. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मगाची कड भुवईला लागली आणि तिथे एक लाल रेघ उमटली. कापसाने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले होते. तो तसाच उभा राहिला. इथला तो नियमच होता: मार बसला की हात मागे.

“अजून एक, साहेब,” तो म्हणाला. “काल डावा कान झाला, आज उजवा. आता दोन्हीकडून सारखंच कमी ऐकू येईल.”

“फोरमनला उलट बोलतोस?” बाबांनी त्याच्या कोपराला चावायला मान पुढे काढली, कवळी पेल्यात होती म्हणून नुसत्या हिरड्या मिटल्या. शेवटी त्यांनी मग खाली टाकला आणि उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटावर चाचपडू लागली. तिथे काही नव्हते. ते त्वचाच ओढू लागले, नखांनी खरवडू लागले.

“हे काय शोधतात?” बाईंनी विचारले.

मला माहीत होते. बाबा मारण्याआधी घड्याळ काढत. रागाच्या भरात त्यांनी आम्हाला कधीच मारले नाही. आधी पट्ट्याची कडी सुटे, मग घड्याळ जेवणाच्या टेबलावर ठेवले जाई, काच वर, अगदी हलकेच. तो एवढासा टक आवाज घरभर ऐकू येई. दादा तेव्हा दहा वर्षांचा होता, मी सहा. दादाला मारत असत, कारण तो उलट बोले. मला भिंतीशी उभे करून पाहायला लावत, कारण मी बोलत नसे. एकदा दादाचे मनगट मोडले तेव्हा काडी मोडल्यासारखा आवाज आला. बाबांनी घड्याळ पुन्हा हातात घातले, किती वाजले ते पाहिले आणि दादाला घेऊन दवाखान्यात गेले.

“सवय आहे त्यांची,” मी बाईंना म्हणालो.

कापसाने ओला सदरा उतरवला आणि डावा दंड उघडा पडला.

खांद्याखाली, बाहेरच्या बाजूला, चार वळ होते. मधले दोन जांभळे, त्यांच्या कडा हिरवट. आतल्या बाजूला एक मोठा गोल डाग. बाईंनी चष्मा चढवला.

“वही,” त्या म्हणाल्या.

इथे प्रत्येकाच्या अंगतपासणीची एक वही असते. रोज सकाळ-संध्याकाळ सगळे अंग पाहायचे, नवा डाग दिसला की लिहायचा. फक्त रविवारी वही बंद असे. तो भेटीचा दिवस. नातेवाइकांसमोर म्हाताऱ्यांचे कपडे काढून पाहणे बरे दिसत नाही, म्हणून मेट्रनने फार पूर्वी ती पद्धत पाडली होती. त्यामुळे रविवारी जे घडे, ते सोमवारच्या पानावर येई आणि सोमवारी ज्याची पाळी असेल त्याच्या सहीने येई.

सोमवारच्या पानावर लिहिले होते: डावा दंड, कठड्याला लागून काळानिळा. खाली कापसाची सही.

बाईंनी खाटेच्या कठड्यावरून तळवा फिरवला. सरळ, गोल, गुळगुळीत नळी.

“कठड्याला बोटं असतात का रे?”

“लागलं असेल बाई. झोपेत वळताना.”

“मी चाळीस वर्षं माणसं वळवली आहेत.” त्यांनी आपला पंजा बाबांच्या दंडाजवळ हवेतच धरला, न टेकवता. “चार बोटं बाहेरून, अंगठा आतून. समोरून धरलंय, वरून. आधार देणारा माणूस खालून धरतो. आणि तुम्ही लोक तर टॉवेलनं उचलता, मघाशी पाहिलं मी. हे उचलणं नाही. कुणीतरी दात खाऊन धरलंय यांना. धरून हलवलंय. हिरवट कडा म्हणजे चार-पाच दिवस झाले.” त्या माझ्याकडे वळल्या. “रविवारी तुम्ही आला होतात ना? तेव्हा होतं हे?”

रविवारी बाबांचा तोल गेला होता. ते खुर्चीतून उठू लागले, पुढे कलले आणि मी त्यांना धरले. असेच झाले होते. पाच दिवस मी ते रोज स्वतःला सांगत होतो. टेबलावर गोंद लावताना, दाराला कुलूप घालताना. कुणीही मुलगा धरील तसे मी धरले होते. पण हे सांगितले असते तर त्यापुढे आणखी प्रश्न आले असते.

“नव्हतं,” मी म्हणालो. “नव्हतं बहुतेक.”

कापसाने माझ्याकडे पाहिले. मग खाली वाकून त्याने बाबांच्या पायांची बोटे एकेक करून पुसली.

मेट्रनच्या खोलीत बाईंनी आवाज चढवला नाही, म्हणून ते अधिक वाईट वाटले. “आजपासून याला कामावरून काढायचं. खोटं लिहिलंय, आणि माझ्या अनुभवात खोटं लिहिणाऱ्याचाच हात असतो. याची नोंद एकदा झाली की याला दुसरं कुठलं शुश्रूषागृह घेणार नाही. तुमच्या संस्थेला गुण किती पडतील ते तुम्हीच बघा. घरच्यांना कळवा.”

“अकरा वर्षं आहे हो तो इथे,” मेट्रन म्हणाली. “साधा डास मारत नाही.”

“माणसाला मारणारे डास मारतातच असं नाही.”

मेट्रनने दादाला फोन लावला.

दादा अर्ध्या तासात आला. तो बाहेरून बोलतच आत शिरला. व्हरांड्यात भिंतीशी चाकाच्या खुर्चीत टेलिफोन आजी बसल्या होत्या. तीस वर्षे एक्स्चेंजमध्ये काढलेल्या आणि अजूनही रोज लाइन जोडणाऱ्या.

“कुणाला जोडू?” त्यांनी विचारले.

“कुठाय तो?” दादा म्हणाला.

कापूस चादरींची ढकलगाडी घेऊन समोरून येत होता. दादा थांबला. त्याने डाव्या मनगटावरचा पट्टा सोडवला, घड्याळ काढले आणि ढकलगाडीच्या कडेवर ठेवले. काच वर. टक.

मी दादाला असे करताना आयुष्यात प्रथमच पाहत होतो. त्याला ते कळलेही नव्हते.

पहिला ठोसा ओठावर बसला. अंगठीने ओठ मधोमध फाटला. दुसरा नाकावर. कापसाचे डोके मागच्या भिंतीवर आदळले आणि तिथल्या सूचनाफलकाची काच तडकली. तो दादाच्या दीडपट होता. नुसता हात पुढे करून त्याने दादाला उचलून बाजूला ठेवले असते. पण त्याचे हात मागे गेले होते. बोटे एकमेकांत अडकलेली. दादाने त्याला पोटात गुडघा मारला, तो वाकला. मानेवर कोपर मारले, तो गुडघ्यांवर आला. रक्त पांढऱ्या फरशीवर ठिबकू लागले, आणि तो उजेड, सकाळचा तोच सावकाश उजेड, आता व्हरांड्यात उतरून त्या थेंबांवर शांतपणे पडला होता.

“म्हाताऱ्यावर हात टाकतोस? बोल! माझ्या बापावर?”

“लाइनवर राहा!” टेलिफोन आजी ओरडल्या. “पोलीस जोडते! लाइन सोडू नका!”

मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर. सहा वर्षांचा असताना जसा उभा राहत असे, तंतोतंत तसा. मी दादाचे ठोसे मोजत होतो. लहानपणी बाबांचे मोजत असे तसे.

सातवा बसण्याआधी तपासनीसबाई मध्ये शिरल्या. त्यांनी दादाच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवून त्याला रेटले. “हात खाली! खाली म्हणते! तपासणी चालू आहे इथे, तुमची सुद्धा करू का?”

दादा धापा टाकत मागे झाला. त्याची नजर माझ्यावर पडली.

“आणि तू? तू काय बघत उभा होतास रे? जन्मभर नुसता बघतोस. तुझ्या डोळ्यांदेखत बाबांचा हात पिरगाळतात आणि तू साक्षीदार!” त्याचा आवाज फुटला. “ते कसेही असले तरी आता ते लहान मूल आहेत. तुला कळतं का? लहान मूल!”

तो भिंतीशी खाली बसला आणि सुजलेल्या बोटांत तोंड लपवून रडू लागला. बाबांनी मोडलेले मनगट अजून किंचित वाकडे होते.

बाईंनी मला पट्टीचे कापड आणि औषधाची बाटली दिली. “याला ड्रेसिंगच्या खोलीत न्या. एवढे तरी हात हलवा.”

कापूस स्टुलावर बसला. मी त्याच्या ओठावर कापड दाबून धरले. रक्त माझ्या बोटांच्या पेरांतून उतरू लागले. इतक्या जवळून मी त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता. भुवईवर मगाची रेघ, त्याखाली दादाच्या ठोशांच्या खुणा.

“तुमचा हात हलका आहे,” तो फाटक्या ओठाने म्हणाला. “ग्रंथालयवाले म्हणतात ते खरंय.”

“सगळं का नाही सांगितलंस बाईंना?”

“काय सगळं?”

त्याने खिशात हात घातला आणि एक रुमाल काढला. त्यात गुंडाळलेले माझे घड्याळ होते.

“सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर मिळालं. पेल्याशेजारी. काच वर करून नीट ठेवलेलं होतं. म्हटलं, येत्या रविवारी द्यावं.” त्याने ते माझ्या तळहातावर ठेवले. “दंड त्यानंतर पाहिला मी.”

घड्याळ चालू होते. त्याचा आवाज मला त्या खोलीतल्या सगळ्या आवाजांपेक्षा मोठा वाटला.

“मग कठडा का लिहिलास?”

“नातेवाइकाचं नाव लिहिलं की भेटी बंद होतात. नियम आहे. साहेब शनिवारपासून दाराकडे बघत बसतात. मी म्हणतो, कोण येणार? तर म्हणतात, धाकटा. तुम्ही येऊन गेलात की सोमवारी, मंगळवारी पोटभर जेवतात. बुधवारपासून परत भांडण.” त्याने कापड स्वतःच्या हातात घेतले. “मला वाटलं एकदा झालं, परत नाही होणार. माझ्या हातूनही एकदा झालंय, माझ्या आईच्या बाबतीत. म्हणून तर ही नोकरी धरली.”

“मी त्यांना सावरत होतो,” मी म्हणालो. “ते पडत होते.”

कापसाने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते त्याने मला ठरवू दिले.

मी बाबांच्या खोलीत गेलो. पडदा अजून ओढलेला होता. ते खुर्चीत बसले होते, कोरड्या सदऱ्यात, केस विंचरलेले, आणि दाराकडे पाहत होते. मी त्यांच्यासमोर खाटेच्या कडेवर बसलो. रविवारी बसलो होतो तसाच.

रविवारी मी त्यांना दूध पाजत होतो. त्यांनी एक घोट तोंडात धरून माझ्या सदऱ्यावर थुंकला आणि ते हसले. फार वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत ओळख आली होती. “अजून कागदच चिकटवतोस?” ते म्हणाले. “भिंतीला लागून उभा राहा. मुका कुठला.” मी पेला खाली ठेवला. त्यानंतरचे मला नेहमी तुटक आठवे: ते पुढे झुकलेले, माझा हात त्यांच्या दंडावर. त्यापुढचेही आठवे: त्यांचे डोके खुर्चीच्या पाठीवर आपटण्याचा आवाज, एकदा, दोनदा, तीनदा, आणि त्यांचे एकाएकी बारीक झालेले, मी कधीच न ऐकलेले रडे. “नका मारू, बाबा,” ते मला म्हणत होते. मला. कोणत्या भिंतीशी उभे राहून ते हे शिकले असतील, कुणास ठाऊक.

पेला खाली ठेवणे आणि दंड धरणे, यांच्यामध्ये एक पान चिकटलेले होते. मी जाणकार माणूस आहे. चिकटलेली पाने कशी सोडवतात ते मला कळते. ओलावा द्यायचा, वाट पाहायची, जोर लावायचा नाही. मी पाच दिवस त्याला हात लावला नव्हता. आता ते आपोआप सुटले. त्यावर एवढेच होते: मी डाव्या मनगटावरचा पट्टा सोडवला. घड्याळ काढले. पेल्याशेजारी ठेवले. काच वर. टक.

“कामगार थांबलेत का?” बाबांनी विचारले.

“हो, बाबा.”

“मग जा. बसलायस काय?”

बाई मेट्रनच्या खोलीत कागद भरत होत्या. दादा शेजारी बसला होता, हात थंड पाण्याच्या भांड्यात बुडवून. माझ्याकडे पाहून बाईंनी शेवटचे पान पुढे सरकवले. साक्षीदाराचे निवेदन, तीन ओळी, खाली सही.

“लिहा. तुमच्या सहीशिवाय त्याला काढता येत नाही.”

“त्याला काढू नका,” मी म्हणालो. माझा आवाज इतका लहान निघाला की मला तो पुन्हा काढावा लागला. “कापसाला काढू नका. वळ माझे आहेत. माझ्या भेटी बंद करा.”

दादाचा हात भांड्यातून वर आला. पाणी टेबलावर ओघळले. त्याची नजर माझ्या मुठीतल्या घड्याळावर होती, आणि मग, फार सावकाश, ढकलगाडीवरून उचलून पुन्हा हातात घातलेल्या स्वतःच्या घड्याळाकडे गेली.

बाईंनी चष्मा काढला. “धरताना लागलं असेल. तोल गेला असेल त्यांचा. होतं असं. तसं असेल तर तसं लिहा.”

त्यांनी दार उघडे ठेवले होते. मला फक्त त्यातून निघून जायचे होते. मी पेन घेतले आणि पहिल्या ओळीवर, पुस्तकांच्या पाठीवर नावे घालतो त्या स्वच्छ अक्षरात, लिहिले:

रविवारी बाबा पडत नव्हते.